महिपतच्या ओट्यावरच्या चपला

वैशाखरे गावात पहिला टीव्ही महिपतने आणला, तेव्हा दर रविवारी त्याच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा. कोणी कुठं बसायचं ते महिपत ठरवायचा. आठवड्यात ज्याने रामराम घातला नसेल, त्याची रवानगी थेट उंबऱ्यावर. गावाला सरपंच होता म्हणा, पण रविवारी सकाळी त्याला विचारतो कोण! त्याची बायको सकुबाई मात्र आत चुलीपाशी सगळ्यांचा चहा उकळत नुसता आवाज ऐकायची.

पंधरा वर्षांत घरोघर रंगीत टीव्ही आले. महिपतच्या टीव्हीत माणसं राखेत लोळून आल्यासारखी दिसायची आणि दोन थपडा खाल्ल्याशिवाय त्याला कंठ फुटत नसे.

"आता नवा घ्या," सकुबाई म्हणायची.

"तू पण जुनीच आहेस, तुला बदलली का?" असं म्हणून तो एकटाच हसायचा.

एका संध्याकाळी चहा मिळेना, म्हणून तो बायकोला शोधत निघाला. तिच्या चपला शेजारच्या पंढरीच्या दारात, चार बायांच्या चपलांत दिसल्या. टीव्ही बदलायची वेळ झाली, हे त्याला तिथं कळलं.

दुसऱ्याच दिवशी मुरबाडहून मोठा रंगीत टीव्ही आला. महिपतने स्वतः ओटा झाडला. कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी सकुबाईही पदर सावरत निघाली.

"अगो, आता घरात आहे ना?"

"तुमीच बघा. तिथं मला पुढं बसवतात."

चित्र लख्ख होतं, आवाज खणखणीत होता. तरी महिपतने उठून टीव्हीला दोन थपडा हाणल्या.