चेन्नईत बाबांनी निवडलेली गल्ली

कंपनीने माझी बदली चेन्नईला केली तेव्हा बाबा म्हणाले, "तू जा. मी कल्याणलाच बरा." त्यांनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर लोखंड कातायचं लेथ मशीन चालवलेलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांना एकटं ठेवणं मला जमणार नव्हतं. "निदान घर बघायला तरी चला," असं म्हणून मी त्यांना घेऊन गेले.

मला समुद्राजवळ राहायचं होतं. तिथल्या पहिल्या घराच्या गॅलरीच्या ग्रिलवरून बोट फिरवत बाबा म्हणाले, "अगं, सगळं गंजलंय इथे." दुसरी सोसायटी त्यांना हॉस्पिटलसारखी वाटली.

तिसऱ्या घराकडे जाताना गल्लीत लेथचा आवाज आला आणि बाबा थबकले. "टूलची धार गेलीय त्याच्या," म्हणत ते थेट वर्कशॉपमध्ये शिरले. मालकाला मराठी येत नव्हतं, बाबांना तमिळ. बरेच हातवारे झाले, मशीन बंद झालं आणि बाबांनी टूल ग्राइंडरवर घासून परत बसवलं. मशीन सुरू झाल्यावर मालकाने हसून त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. मी दारात उभी राहून घर दाखवणाऱ्या एजंटला "पाच मिनिटं" म्हणत राहिले.

तासाभराने बाबा काळे हात घेऊन बाहेर आले. "घर इथेच घे."

"बाबा, समुद्र लांब पडेल."

"मग रविवारी जाऊन येत जा."

गल्लीतल्या त्या तिसऱ्या घराचं स्वयंपाकघर अंधारं होतं, तरी मी होकार दिला. आता कल्याणचे मित्र फोनवर विचारतात तेव्हा बाबा ऐटीत सांगतात, "या की राहायला! फक्त सकाळी मी कामावर असतो."