तीन कर्णे आणि दादरच्या किनाऱ्यावरची हाक

मेणाच्या नळीवर आवाज उतरवून घेणारा तो फोनोग्राफ माझा होता, हे आधीच नोंदवून ठेवतो. आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट ज्या रीतीने सांगितली जाते, तीत हा मुद्दा नेहमी गळतो.

माझे सासरे उभा जन्म कोकणच्या किनाऱ्यावर तांडेल होते; गलबत आणि त्यावरची माणसे त्यांच्या हुकमात. म्हातारपणी धाकट्या मुलीकडे परळला राहिले, आणि आता कायमचे गावी जायला निघाले होते. थोरली मुलगी म्हणजे माझी बायको. तिच्या लहानपणी वडील पहाटे किनाऱ्यावर उभे राहून गलबतावरच्या माणसाला 'होडी हाड', म्हणजे होडी आण, अशी हाक मारत. अंथरुणात ती ऐकू आली की वडील निघाले, असे समजायचे.

"ती हाक आपल्या घरात असावी," बायको म्हणाली. "तुमच्या त्या यंत्रात बसेल का?"

हे तिने मला विचारले, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला नव्हे. म्हणून मी हे काम अंगावर घेतले.

पहिली अडचण सासऱ्यांनीच घातली. फणसवाडीत आमच्या माडीवर यंत्रासमोर बसवले, तर हात जोडून उठले. "दर्यावरची हाक घरात देऊची नाय, जावईबापू. घरात दिली तर घरातला माणूस जाता." म्हणजे यंत्र समुद्रावर न्यायचे. आणि तिथे वारा.

यंत्राबरोबर आलेला कर्णा आखूड आणि रुंद तोंडाचा होता. घरात तो उत्तम, पण अंगणात नेला की कावळे, विहिरीचा रहाट, शेजाऱ्यांचा खोकला, सगळे मेणाच्या नळीवर उतरायचे. मला समोरचा एकच आवाज घेणारा, बाजूचे सोडणारा कर्णा हवा होता. वहीत गरजा लिहिल्या: लांबी दोन हात, तोंड अरुंद, वजन बेताचे, वाऱ्यात स्वतः न वाजणारा. फोर्टातल्या दुकानातून असा एक पितळी कर्णा आणला. देखणा होता.

चार दिवसांनी साडू आला, एक काळा पत्र्याचा कर्णा काखोटीला मारून. तो गिरणीत फिटर.

"दादा, हा लावून बघा. पत्रा पडला होता, वळवून टाकला."

"मापं काय धरलीत?"

"मापं कसली? हाक मारताना माणूस तोंडापुढे हात धरतो ना, तसा केला. वरून कांबळ्याची पट्टी गुंडाळलीय. पत्रा बोलायला नको."

या माणसाचा मला कसा राग येई, हे सांगायला हवे. मी आलो की सासरे पाटावरून अर्धवट उठत, उपरणे सारखे करत, "यावे जावईबापू" म्हणत. तो आला की बसूनच ओरडत, "इलंस रे पोरा!" आणि पाठीवर अशी थाप मारत की भिंतीपलीकडे ऐकू जाई. बारा वर्षांत माझ्या पाठीवर तो हात पडला नव्हता. मी लक्ष ठेवून होतो.

तरी परीक्षा मी चोख घेतली. बायकोला कर्ण्यासमोर बसवून पाढे म्हणायला लावले आणि बाजूला स्वतः पितळी ताट वाजवत बसलो. आखूड कर्ण्यात ताटच ताट. पितळी कर्ण्यात पाढे स्पष्ट, पण प्रत्येक आकड्यामागे घंटेसारखा नाद. पत्र्याच्या कर्ण्यात सतराचा पाढा शेवटपर्यंत, ताट जवळजवळ नाही. मी पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली.

"आता मला झोपेत पाढे येतील," बायको म्हणाली. "भाऊजींचा चांगला आहे, म्हणून टाका की एकदा."

वहीत पितळी कर्ण्यावर काट मारली. पेन्सिलीचे टोक मोडले.

सासऱ्यांच्या निघण्याच्या आदल्या सकाळी ते, साडू आणि मी असे तिघे दादरच्या किनाऱ्यावर गेलो. माझ्याकडे दोनच कोऱ्या नळ्या उरल्या होत्या. वारा समुद्रावरून येत होता, तेव्हा तो पाठीशी ठेवून बोलतील अशा बेताने सासऱ्यांना पाण्याकडे पाठ करून उभे केले. चावी दिली, सुई टेकवली, हात खाली करून खूण केली. आणि आरोळी मारायच्या क्षणाला ते गर्रकन समुद्राकडे वळले. नळीवर वारा आला, आणि माझा आवाज: "मामा, इकडे! इकडे!"

"हाक होडयेक मारतत," सासरे म्हणाले, "पेटयेक नाय."

साडू हसला. "दादा, मग पेटी होडीत ठेवा."

ओहोटी होती. एका कोळ्याची होडी वाळूत घट्ट बसलेली होती, मागे समुद्र. त्याला विचारून साडू यंत्र उचलून आत चढू लागला.

"थांबा," मी म्हटले. "यंत्र माझं आहे. मी बसतो."

यंत्र चालवणे मला येत होते, हे खरे. पण होडीत जो बसेल त्याला हाक मिळणार होती, हेही मला कळले होते.

मी बसलो. कर्णा सहा हातांवर उभ्या असलेल्या सासऱ्यांवर रोखला. त्यांनी दोन्ही हात तोंडापुढे धरले, थेट माझ्याकडे पाहिले आणि हाक आली: "हो ऽऽऽ पोरा! होडी हाड रे ऽऽ!"

पोरा. मला.

मग ते थांबले. कान देऊन उभे राहिले. होडीतल्या माणसाने ओ द्यायची असते. ओ आल्याशिवाय तांडेल दुसरी, लांब हाक देत नाही. हे बायकोने मला कितीदा सांगितले होते, पण माझ्या यादीत नव्हते. मला तेव्हा एकच दिसत होते: मी तोंड उघडले तर नळी बिघडेल. नळी फिरत होती. मी ओठ घट्ट मिटून बसलो. सासऱ्यांचे हात हळूहळू खाली येऊ लागले.

"इलंय होऽऽ!"

ओ साडूने दिली. सासऱ्यांचा चेहरा उजळला, हात पुन्हा वर गेले, आणि ती दुसरी हाक आली, श्वास संपेपर्यंत लांब. ती संपली आणि लगेच नळी संपली.

अरुंद कर्णा बाजूचे घेत नाही, हे मी ताट वाजवून सिद्ध केले होते. पण साडू बाजूला नव्हता. तो सासऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. कर्ण्याने दोघांनाही सारखेच घेतले.

संध्याकाळी घरी नळी लावली. हाक घरात द्यायची नसते. ऐकायला हरकत नाही, असे सासऱ्यांनीच सांगितले होते. पहिल्या हाकेला बायको ताठ बसली. दुसरी संपल्यावर डोळे पुसत म्हणाली, "होडीत कोण होतं?"

"मी."

"म्हणजे बाबांनी तुम्हाला पोरा म्हटलं!" तिला इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला होता. "आणि ओसुद्धा किती छान दिलीत. अगदी आमच्याकडच्यासारखी."

नळीवर खरखर फार होती. आवाज कोणाचाही वाटला असता.

मी नळी काढली, डब्यात ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली: मामांची हाक, दादर, पत्र्याचा कर्णा. कर्णा कोणी केला आणि ओ कोणी दिली, याला जागा होती. ती कोरी ठेवली.

नळी वाजवून वाजवून झिजली. आता तिच्यात हाकही धड ऐकू येत नाही. ओ साडूची होती. बायको हे वाचील, तेव्हा तिला कळेल.