दोघांच्या वजनाची स्प्रिंग

कवठे महांकाळ तालुक्यातली निम्मी गावं आप्पासाहेब बनसोड्यांना ओळखत होती, पण त्यांचं नाव ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच. बाकी सगळ्यांना ते ‘मलेरियावाले’. पिशवीत काचेच्या पट्ट्या, सुया, कापूस आणि गोळ्यांचा डबा घेऊन गेली अठ्ठावीस वर्षं ते सायकलवरून घरोघर हिंडत होते. दारात उभं राहून ‘तापाचं कोण हाय का घरात?’ अशी हाक घालायची, कुणी कण्हत असलं तर बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं, कडू गोळ्या हातावर ठेवायच्या आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं तारीख लिहायची. माणूस येऊन गेला, याची ती खूण. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच दार आणि तीच हाक.

सरकारच्या लेखी ही नोकरी होती. आप्पासाहेबांच्या लेखी दिवसभरातलं सगळं बोलणं म्हणजे हीच. कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची बोअर कोरडी गेली, हे सगळं त्यांना उंबऱ्यावर बसून ऐकायला मिळायचं. संध्याकाळी भाड्याच्या खोलीचं कुलूप काढलं की संपलं. दोन्ही बहिणी आपापल्या घरी सुखात, आई जाऊन नऊ वर्षं झालेली. सुट्टीच्या दिवशी तर घर अक्षरशः खायला उठायचं. लग्न केलं नव्हतं म्हणण्यापेक्षा राहून गेलं होतं. आधी बहिणींचं, मग आईचं आजारपण, मग लोकांनीच विचारायचं सोडून दिलं.

आणि सत्त्याण्णव साली पाठीनं दगा दिला. नागज, कुची, ढालगाव या बाजूचे रस्ते म्हणजे मुरूम आणि दगड. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी माकडहाडाची पार वाट लावली. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, ‘‘धक्के बंद करा, नाहीतर सायकल तरी बंद करा.’’ ही बातमी साहेबांपर्यंत गेली. साहेब भला माणूस. म्हणाले, ‘‘आप्पासाहेब, सहा वर्षं राहिली तुमची. टेबलावर बसा. काचपट्ट्यांवर नंबर टाकायचे, बस्स.’’

दुसरा कुणी असता तर साहेबांच्या पाया पडला असता. आप्पासाहेबांना ते नको होतं. दिवसभर ऑफिसच्या चार भिंती आणि रात्रभर खोलीच्या चार भिंती, मग माणसाशी बोलायचं कधी? कुणी सुचवलं, मोपेड घ्या. पण मोपेडवरच्या माणसाला वाटेत कुणी थांबवत नाही, हे त्यांनी बघितलं होतं. सायकलवाल्याला बांधावरून हाक मारता येते. शेवटी कुणीतरी सांगितलं, सांगलीत आता डोंगरावर चालवायच्या सायकली आल्यात, पुढं-मागं दोन्हीकडं शॉकप, म्हणजे धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा, असलेल्या. साडेचार हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवून, दिवाळीनंतरच्या एका रविवारी आप्पासाहेब सांगलीच्या गाडीत बसले.

विश्रामबागेत नाथाजी जाधवांचं सायकलचं दुकान होतं. नाथाजी फौजेतून आलेले, तिथल्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपलेले. बोलण्यात फौजेतलं हिंदी अजून होतं, आणि गिऱ्हाईकाला माल विकण्यापेक्षा त्याची हजेरी घेण्यातच त्यांना जास्त गोडी. जेवणाची वेळ झालेली. त्यांची बायको शालूबाई डबा घेऊन आली होती आणि टायरांच्या ढिगाशेजारी वर्तमानपत्र पसरून भाकरी काढत होती.

‘‘बजेट?’’ नाथाजींनी विचारलं. आप्पासाहेबांनी सांगितलं.

‘‘मंग ध्यान देके ऐका. या पैशात गिअर बी पायजे, शॉकप बी पायजे, रंग बी झगमगीत पायजे म्हणाल, तर तिन्ही फुसकी मिळत्यात. एकच काय ते चांगलं घ्या. ती वर टांगलीया ती नऊ हजाराची हाय. कॉलेजच्या पोरांनी बघायला ठेवलीया, घ्यायला न्हवं.’’

मग त्यांनी तीन सायकली ओळीनं उभ्या केल्या. पहिली लाल, गिअरवाली. नाथाजींनी तिचं मागचं चाक धरून आडवं हलवलं. ‘‘बघा, कोरी करकरीत हाय तरी डुगडुगतीया. सांध्याचा बोल्ट बारीक. सहा म्हैन्यात खुळखुळा.’’ दुसरीला फक्त पुढं शॉकप. ‘‘डांबरी रस्त्याला हीच बेस्ट. पण तुमचं दुखणं पुढं हाय का मागं?’’

‘‘मागं.’’

‘‘मंग ही तिसरी.’’ ती हिरवी, साधी, बिनगिअरची होती, पण सीटखाली मनगटाएवढी जाड स्प्रिंग. ‘‘तळहातानं सीट दाबा. चेंडूगत उसळली तर घिऊ नका. दमानं वर आली पायजे.’’

आप्पासाहेबांनी दाबली. सीट दमानं वर आली. त्यांना एकदम बरं वाटलं.

‘‘आता वजन बोला.’’ नाथाजींनी अर्धचंद्रासारखा एक पाना काढला. ‘‘स्प्रिंगच्या बुडाला ही चकती हाय. ही आवळली की स्प्रिंग कडक, सैल केली की मऊ. तुमी बसल्यावर बोटभर दबली तरच फायदा. न्हाईतर शॉकप असून नसल्यागत.’’

‘‘अठ्ठावन्न किलो.’’

‘‘आन् मागं कोण बसणार? सीटच्या पायपाला क्यारेज वेल्डिंग करून देतो. पर ते वजन बी स्प्रिंगवरच येणार, तवा आत्ताच सांगा.’’

वर्षभर दारोदार आप्पासाहेबांना हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत यायचा, ‘मंडळी कुठं असत्यात?’ बायकोला मंडळी म्हणायची आपली रीत. ते ‘न्हाईत’ म्हणायचे, मग बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पुरुष काहीतरी चावट बोलायचे, आणि तेही हसून पुढच्या दाराला जायचे. सवय होती त्यांना. पण त्या दिवशी समोर वर्तमानपत्रावर दोन भाकरी एकमेकींना लागून ठेवलेल्या होत्या. शालूबाई नवऱ्याच्या वाटणीचा कांदा बुक्कीनं फोडत होती. आप्पासाहेबांच्या तोंडून निघून गेलं, ‘‘मंडळी बसतील की.’’

‘‘आसं म्हणा की!’’ शालूबाईनं मान वर केली. ‘‘नाव काय वैनींचं?’’

‘‘भामाबाई.’’

हे नाव हवेतून आलं नव्हतं. बहात्तर साली आप्पासाहेब सव्वीस वर्षांचे असताना पाटणला एक मुलगी बघून आले होते. मुलगी पसंत होती, त्यांनाही आणि घरालाही. पण बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून त्यांनी दोन वर्षं थांबा म्हटलं. त्यात दुष्काळ पडला. कोयनेच्या पाण्यावर वाढलेली लेक कवठ्याच्या कोरड्यात कोण देणार? मुलीच्या बापानं सहा महिने वाट बघितली आणि तिला दुसरीकडं देऊन टाकली. तेव्हापासून ते नाव आप्पासाहेबांनी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आता उच्चारलं आणि त्यांचे कान गरम झाले.

दुसऱ्या रविवारी सायकल तयार झाली. नाथाजींनी चकती चांगली पाच-सहा आटे आवळली होती, दोघांच्या हिशोबानं. शालूबाईनं क्यारेजवर बांधायला चिंध्या भरलेली छोटी गादी शिवून ठेवली होती. ‘‘बाईमाणसाला लोखांड टोचतं,’’ ती म्हणाली. आप्पासाहेबांनी गादी घेतली. गाडीच्या टपावर सायकल चढवून ते परत आले, तेव्हा गादी त्यांच्या मांडीवर होती.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. दोघांसाठी आवळलेली स्प्रिंग एकट्या अठ्ठावन्न किलोला दाद देईना. प्रत्येक दगड थेट माकडहाडाला कळायचा. गावातल्या मिस्त्रीनं हातोडी-छिन्नीनं चकती फिरवून बघितली, ती तसूभर हलली नाही. तो वाकडा पाना नाथाजींकडंच होता. शेवटी आप्पासाहेबांनी एक शक्कल लढवली. क्यारेजवर जोंधळ्याचं अर्धं पोतं बांधलं. काय सांगावं, सायकल पाळण्यासारखी चालली! चार दिवस ते पोतं घेऊन फिरले. ‘‘मलेरियावाले, जुंधळा काय भावानं दिला?’’ असं लोक विचारायचे, तेही हसायचे. पण कुचीचा चढ चढताना छाती फुटायची वेळ आली. बावन्नाव्या वर्षी मागं कुणीतरी बसवल्याचं नाटक झेपेना. पाठ पुन्हा धरली. साहेबांनी निरोप धाडला, एक तारखेपासून टेबलावर या.

मार्चमध्ये आप्पासाहेबांनी सायकल पुन्हा टपावर टाकली. ही शेवटची संधी होती. गाडीत सगळी वाट ते एकच वाक्य घोकत होते, मागं कुणी बसत न्हाई, मी खोटं बोललो हुतो. दुकानात नाथाजींनी सीट दाबली आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘ही तर जागची हलंना. दोघं बसता न्हवं? आन् क्यारेजचा रंग आजून कोराच?’’

शालूबाई आतून आली. ‘‘भामाबाई न्हाई आल्या संगं?’’

आप्पासाहेबांनी हँडल घट्ट धरलं. घोकलेल्या वाक्यातलं जेवढं निघालं तेवढं निघालं. ‘‘एकटाच हाय मी. भामा न्हाई.’’

खरं तेच बोलले ते. पण आपल्याकडं ‘माणूस नाही’ म्हटलं की लोक एकच अर्थ घेतात. शालूबाईचा हात तोंडाशी गेला. ‘‘आगं बया! आन् आमाला कळवलं बी न्हाई?’’ नाथाजी पाना हातात धरून तसेच उभे राहिले. ‘‘मातीला न्हाई, निदान पुण्यानुमोदनाला तरी आलो आस्तो, आप्पासाहेब. सायकलची वळख का आसंना, वळखच हाय ना.’’

सांगून टाकायचं होतं, अजून वेळ गेलेली नव्हती. पण शालूबाईनं त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्न न झालेल्या माणसाची लोक चेष्टा करतात, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी कुणी आणत नाही. सव्वीस वर्षांत आप्पासाहेबांना हे पहिल्यांदाच मिळत होतं, आणि ते नाकारायची ताकद त्यांच्यात नव्हती. नाथाजींनी चकती सैल केली, एकेक आटा. सीट बोटभर दबली. ‘‘आता एकट्याच्या वजनाला बरोबर हाय,’’ ते हळू आवाजात म्हणाले, आणि आप्पासाहेब ढसाढसा रडले. ते रडणं खोटं नव्हतं.

‘‘रविवारी आमी येतो भेटायला,’’ शालूबाई म्हणाली. आप्पासाहेबांनी खोलीचा पत्ता सांगितला.

आठवडाभर सायकल मऊ चालली, पाठ सुटली. साहेबांना त्यांनी फिरून दाखवलं आणि फेऱ्या कायम राहिल्या. पण घास गोड लागेना. खोलीत एक ताट, एक तांब्या, एक कप. शनिवारी बाजारातून ते आणखी तीन कप घेऊन आले. रविवारी सकाळी स्कूटर दारात थांबली. नाथाजी बाजेवर बसले. शालूबाई रीतीप्रमाणं चहा ठेवायला थेट चुलीकडच्या कोपऱ्यात गेली, आणि कप उचलून बघू लागली. कपांच्या बुडाला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. खुंटीला एकच टॉवेल होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी आईचा फोटो होता, तिसरा फोटो नव्हता.

चहाचे कप घेऊन ती बाहेर आली, समोर बसली. ‘‘आप्पासाहेब, भामाबाई कवा गेल्या वो?’’

आप्पासाहेबांनी फरशीकडं बघितलं. ‘‘बहात्तर साली,’’ ते म्हणाले. ‘‘दुष्काळात. पाटणला बघून आलतो, तेवढंच. पुढं त्यांनी दुसरीकडं दिली.’’

नाथाजींनी तोंड उघडलं. शालूबाईनं नुसतं त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनी ते मिटलं. तिनं कप आप्पासाहेबांच्या हातात दिला. ‘‘कशा हुत्या दिसायला?’’ तिनं विचारलं.

मग आप्पासाहेब बोलले. निळं लुगडं होतं, पोह्यांची ताटली तिनं दोन्ही हातांनी ठेवली होती, ‘पानी आणू का?’ एवढंच ती म्हणाली होती, आणि तहान असून त्यांनी नको म्हटलं होतं. सांगायला फार काही नव्हतंच, तरी दुपारचे बारा वाजले. निघताना नाथाजींनी सायकलची सीट एकदा दाबून बघितली. शालूबाई स्कूटरवर मागं बसत म्हणाली, ‘‘येतो आमी परत.’’

स्कूटर वळणाआड जाईपर्यंत आप्पासाहेब दारात उभे होते. मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि आपल्याच दाराशेजारच्या भिंतीवर त्या दिवसाची तारीख लिहिली.