आठ अँपियरचा फ्यूज: जालना ते शहागड, अप्पांच्या जुन्या गाडीतून

पुण्याहून जालन्याच्या बसमध्ये चढताना माझ्या हातात कपड्यांची बॅग होती आणि काखेत आग विझवायचं लाल नळकांडं. कंडक्टरनं दोनदा विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, वडिलांसाठी भेट. तो बिचारा तिकीट फाडून पुढे सरकला.

मी मुळात घाबरट. लिफ्ट, पाळणे, गॅसचा नवा सिलिंडर, सगळ्याला घाबरते. पण अप्पांच्या गाडीइतकी मी कशालाच घाबरत नाही. साठच्या दशकातली चार दारांची, गोल पाठीची गाडी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की खाली प्रतिक्रियांमध्ये भाव विचारणाऱ्यांची रांग लागते. आई गेल्यावर अप्पांनी ती जुन्या जालन्यातल्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर काढली. वर्षभर खपून इंजिन केलं, ब्रेक केले, रंग दिला. राहिलं होतं ते फक्त विजेचं काम. दोन दारांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारे, वळण दाखवणारे पिवळे हात, डॅशबोर्डवरचं घड्याळ, हॉर्न आणि सिगारेट पेटवायचा लायटर. सगळं मूळचंच हवं, नवीन एकही वस्तू नको, असा हट्ट. जालन्यात त्या कापडी तारांना कोणी हात लावेना. मग अप्पांचा फोन आला की शहागडला रशीदभाईकडे गाडी घेऊन चाललोय, एकटाच. वय वर्षं चौऱ्याहत्तर. मी रजा टाकली.

आता भीतीचं कारण सांगते, नाहीतर पुढचं सगळं नाटक वाटेल. मी नऊ वर्षांची असताना याच गाडीतून आम्ही तिघं शहागडहून परत येत होतो. अंबडच्या अलीकडे डॅशबोर्डमधून धूर आला, मग जाळ. डावं दार अडकलं. अप्पांनी मला खिडकीतून ओढून काढलं, तोवर माझ्या वेणीचं टोक जळालं होतं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. आणि जे मी आईलाही कधी सांगितलं नाही ते हे, की धूर यायच्या मिनिटभर आधी मी तो लायटर गुपचूप आत दाबला होता. गाडी मी जाळली, असं मी छत्तीस वर्षं धरून चालले होते. अप्पांना हे आज ना उद्या सांगावं लागणार, याचीही मला आगीइतकीच धास्ती होती.

पहिला दिवस खरेदीत गेला. रशीदभाईंनी फोनवर यादी दिली होती, आणि यादीत पहिली वस्तू होती परकराची नाडी. मला वाटलं, अप्पांच्या ऐकण्यात काहीतरी घोळ झाला. पण बरोबर होतं. जुन्या तारांवर सुती विणीचं कवच असायचं. तसली तार आता मिळत नाही, म्हणून नवी तार पोकळ विणीच्या नाडीतून ओवायची आणि वर पंपाची जळालेली मोटर नव्या तारेनं भरताना लावतात ते वार्निश द्यायचं. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या ठोक बाजारात रिक्षा आणि मोटारसायकली चुकवत आम्ही चार दुकानं पालथी घातली. पाचव्या दुकानदारानं काळ्या नाडीचं बंडल काढलं आणि घरात किती बायका आहेत, असं विचारलं. अप्पांनी शांतपणे सांगितलं, एकच आहे, पासष्ट सालची. बंडल शे-दीडशेत पडलं. स्टेशनजवळ मोसंबीचा ताजा रस घेतला. जालन्यात येऊन तो न पिता जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. जालना ते शहागड साठेक किलोमीटर. अंबडपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे वडीगोद्रीपर्यंत अधूनमधून खड्डे, मग हायवे. गाडीला इंजिनापुरती एक तात्पुरती तार ओढलेली. हॉर्न नाही, हात नाही, म्हणून वळताना अप्पा खिडकीतून स्वतःचा हात काढायचे. मी नळकांडं मांडीवर घेऊन बसले होते. उसाचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अख्खा रस्ता अडवून डुलत चाललेले, मागे दिवा नाही की लाल कापड नाही. सुखापुरी फाट्याच्या आसपास मला जळका वास आला आणि मी ओरडलेच. अप्पांनी गाडी बाजूला घेतली. शेजारच्या शेतात उसाचं वाळकं पाचट जाळत होते. अप्पा हसले नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं. त्यांनी बॉनेट उघडून नीट पाहिलं, तारांना हात लावून पाहिला आणि मगच परत बसले.

रशीदभाईंचं दुकान हायवेला लागून आहे. ट्रकांचे दिवे, हॉर्न, बॅटऱ्या हा त्यांचा धंदा. वय सत्तरीचं, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. गाडी जळाली त्या दिवशी ती ओढून नेणारे हेच, तेव्हा ते ऐन तिशीत होते. अप्पा हसनाबादच्या शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून ते त्यांना सर म्हणतात. मला म्हणाले, वेणीवाली तूच का. माझे केस आता खांद्याच्या वर आहेत.

दीड दिवस काम चाललं. ते पाहणं हा या प्रवासातला सगळ्यात सुंदर भाग होता, आणि मी तो नळकांडं जवळ ठेवून पाहिला. प्रत्येक तार काढायच्या आधी तिला कागदाची चिठ्ठी बांधायची. जुनं कवच नखानं खरवडून मूळचा रंग बघायचा, कारण धुळीखाली सगळं तपकिरीच दिसतं. पिवळ्या हाताच्या आतलं तांब्याचं वेटोळं गंजानं अडकलं होतं, ते रॉकेलमध्ये बुडवून तासभर ठेवलं. लायटर बारीक पॉलिश पेपरनं घासला. ते तो घासत असताना मी बाहेर जाऊन उभी राहिले.

परत आले तेव्हा रशीदभाई फ्यूजची पेटी उघडत होते. चिनीमातीच्या छोट्या कांड्या, वरून पातळ पट्टी, प्रत्येकी आठ अँपियर. एका जागी कांडीच नव्हती. तिथे तांब्याच्या जाड तारेचा काळा पडलेला तुकडा होता. रशीदभाईंनी तो पकडीनं ओढून काढला, अप्पांकडे पाहिलं आणि तो डब्यात टाकला. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "जुनी गोष्ट हाय, बेटा." अप्पा तोवर चहा सांगायला रस्ता ओलांडून गेले होते.

जेवण शेजारच्या ढाब्यावर झालं. गोदावरीचा मासा, ज्वारीची भाकरी, ठेचा. दोघांचं साडेतीनशेत भागलं. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. मुक्काम वरच्या मजल्यावरच्या लॉजवर, खोली स्वच्छ, पण ट्रकांमुळे झोप यथातथाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी जोडायची वेळ आली. रशीदभाईंनी ती सरळ जोडलीच नाही. हेडलाइटचा एक जुना बल्ब घेतला, त्याला दोन तारा लावल्या आणि तो बॅटरी आणि गाडीच्या तारेच्या मधे घातला. मला बोलावून समजावलं, जसं काही परीक्षाच घेणार होते. आत कुठं तार पत्र्याला चिकटली असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि तारा वाचतील. बल्ब पेटला नाही, तर समजायचं सगळं ठीक. मी नळकांडं घट्ट धरलं. बल्ब पेटला नाही. मग त्यांनी बॅटरी सरळ जोडली, अप्पांनी कळ फिरवली आणि खांबातून पिवळा हात टक करून बाहेर आला, आतला दिवा लागलेला. घड्याळ टिकटिकायला लागलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मला नक्की कशामुळे ते कळलं नाही. निघताना रशीदभाईंनी दोन जादा फ्यूज अप्पांना दिले आणि तो बल्ब मला. म्हणाले, घाबरणाऱ्या माणसाकडं हे पाहिजेच.

परतीचा रस्ता तोच. वडीगोद्री मागे पडली आणि ऊन उतरायला लागलं. अंबडच्या अलीकडे, जवळजवळ त्याच पट्ट्यात, एका खड्ड्यात गाडी आदळली. अप्पांनी हॉर्न दाबला, तो वाजला नाही. पिवळा हात बाहेर येईना. मागच्या ब्रेकचा दिवाही त्याच फ्यूजवर. गाडी बाभळीखाली घेतली. फ्यूजची पट्टी वितळली होती. नवा टाकला, तोही टप्पकन गेला. उरला एक. अंधारायला अर्धा तास होता आणि मागून ऊस भरलेल्या ट्रॉल्या येत होत्या. बिनदिव्याची गाडी त्यांच्या पुढे चालवायची, की इथेच रस्त्याकडेला बसून राहायचं, दोन्हीची भीती सारखीच.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. चांगला माणूस होता, नाव ज्ञानोबा. पेटीत पाहून म्हणाला, त्यात काय एवढं, आमच्या पंपाच्या स्टार्टरला असंच करतो, विजेचा दाब कमी-जास्त झाला की फ्यूज जातो, मग जाड तार टाकली की महिनाभर बघायचं काम नाही. स्वतःच्या ट्रॉलीच्या वायरमधून त्यानं तांब्याचे पदर काढले, पिळून अप्पांच्या हातावर ठेवले. "टाका बिनधास्त. सगळेच टाकतेत."

अप्पा ती तार धरून उभे राहिले. त्यांनी हात पेटीकडे नेला, आणि मला रशीदभाईंच्या पकडीतला तो काळा तुकडा आठवला. "अप्पा, नका," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी तार ज्ञानोबाला परत दिली. "न्हाई, भाऊ. एकदा टाकल्ती मी. ह्याच पेटीत. लेकीची वेणी जळाली."

ज्ञानोबानं तार खिशात घातली. अप्पा माझ्याकडे न बघता बोलत राहिले. त्या दिवशी शहागडला निघायच्या आधी तो फ्यूज दोनदा गेला होता. शेतातल्या पंपाला टाकायचे तशीच तार त्यांनी या पेटीत टाकली, घाई होती म्हणून. शाळेत आठवीला फ्यूजचा धडा तेच शिकवायचे. आईला सांगायचं धाडस झालं नाही, ती म्हणत राहिली गाडीच अपशकुनी आहे, आणि त्यांनी तिला ते म्हणू दिलं.

मग मी माझं सांगितलं. लायटर मी दाबला होता. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला परत नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

"वेडी का तू? त्याच्यानं फकस्त फ्यूज गेला असता, माय. फ्यूजचं कामच जायचं हाय. मी त्याला जाऊ दिलं न्हाई."

मी पिशवीतून बल्ब काढला. फ्यूजच्या जागी त्याची दोन टोकं लावली. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे तार कुठेतरी पत्र्याला चिकटलेली. डॅशबोर्डखाली मोबाइलचा उजेड मारून सगळ्यात आधी मी लायटरची तार सोडवली, कारण माझी खात्रीच होती. बल्ब तसाच जळत राहिला. मी काही वेळ तिथेच आडवी पडून राहिले. मग घड्याळाची तार सोडवली आणि बल्ब विझला. खड्ड्यात आदळून ती तार पत्र्याच्या कडेला घासली होती, नाडी थोडी फाटली होती. तिचं टोक गुंडाळून बाजूला बांधलं, शेवटचा फ्यूज टाकला. अप्पांनी कळ फिरवली. पिवळा हात बाहेर आला. ज्ञानोबानं अंबडपर्यंत त्याचा ट्रॅक्टर आमच्या मागे ठेवला. जालन्यात पोचलो तेव्हा साडेसात झाले होते.

आता पुण्यात बसून हे लिहितेय. कोणाला असा प्रवास करायचा असेल तर पाचट जाळायचे दिवस टाळा, आणि दोन नाही, दहा फ्यूज जवळ ठेवा. माझी भीती गेली का? नाही. लिफ्टमध्ये अजून जीव वर-खाली होतो. पण नळकांडं मी गाडीतच ठेवून आले, आणि केस वाढवायचं ठरवलंय.

परवा अप्पांचा फोन आला. घड्याळ दुरुस्त झालं होतं आणि ते गाडी घेऊन हसनाबादला, त्यांच्या जुन्या शाळेत जाऊन आले होते. रशीदभाईंच्या डब्यातला तो काळा तुकडा मागून घेतला होता.

"आठवीच्या वर्गात गेल्तो. पोरांना तार दाखवली. म्हणलं, सायन्सच्या सरानं टाकल्ती ही, मीच तो."

मी विचारलं, पोरं हसली का.

"न्हाई. एका पोरीनं विचारलं, मंग सर, गाडीत कोण होतं?"

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलं.

अप्पा म्हणाले, "म्हणलं, माझी लेक. तुझ्याहून ल्हान होती."