पावशेर हळद

धानोऱ्याच्या जंगलातून बांबू भरायचा आणि चांद्याला पोचवायचा, हे आम्हा दोघा ड्रायव्हरांचं काम. दोघांच्या गाड्या डिझेलच्या, जुन्या, एकाच ठेकेदाराच्या. पण वैशाखात माझी गाडी दर पाच-सहा मैलांवर उकळायची आणि त्या दुसऱ्याची थंडगार. ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं, या उन्हाळ्यात ज्याची एकही खेप चुकणार नाही, त्याला नवी गाडी. मी कशीबशी रेटून नेत होतो. ती नवी गाडी मला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्याला मिळू नये, हे जास्त हवं होतं.

तो रोज सकाळी रेडिएटरच्या जाळीत अडकलेली मोहफुलं आणि कुसळं काडीने काढत बसे. पाणी विहिरीचंच, तेही धोतराने गाळून. मी दिसेल त्या डबक्यातलं ओतायचो आणि म्हणायचो, "आता बारसंही करून टाका हिचं!" तो हसायचा. त्याचं हसणं पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं.

एकदा विहिरीपाशी मी त्याला रेडिएटरमध्ये पुडीतून चिमूटभर हळद टाकताना पाहिलं. अच्छा, ही गोम आहे तर! त्याच दिवशी बाजारातून पावशेर हळद आणली आणि सगळी माझ्या रेडिएटरमध्ये ओतली.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेच्या रेतीत, पहिल्या गिअरमध्ये, निम्म्या पात्रात गाडीने वाफ सोडली. तो मागेच होता. बाजूने निघून गेला असता तर जिंकला असता. पण तो उतरला.

मी नदीचं पाणी आणून ओतणार, तेवढ्यात त्याने हात धरला. "थांब, इंजिन थंडं होऊ दे. आत्ताच ओतशीन तं हेड फुटून जाईन."

मग त्याने खालचा पाइप काढला. आतून पिवळा चिखल आला.

"तुह्या रेडिएटरले गळती होती का?"

"नाई, भाऊ."

"मंग हळद काऊन टाकली? ते छेद बुजवाचं काम करते. तुह्या तं चांगल्या नळ्याच बुजल्या."

मी बादली उचलली. दोघांनी बादल्या ओतून ओतून नळ्या साफ केल्या. दिवस कलला आणि दोघांचीही खेप चुकली.

सकाळी ठेकेदार भडकलेला होता. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला, "माही गाडी तापली होती. हा माह्यासाठी थांबला."

दुसऱ्यासाठी थांबलास म्हणून तुझी खेप चुकली धरत नाही, आता तूच एकटा उरलास, असं म्हणून ठेकेदाराने नवी गाडी माझ्या हवाली केली. एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. मी किल्ली खिशात टाकली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "घे तू. मले माही जुनीच बरी."

मी त्याला धन्यवादसुद्धा दिले नाहीत. आधी मला त्याच्या गाडीचा हेवा वाटायचा. त्या दिवसापासून तो माणूसच मला डोळ्यांसमोर नकोसा झाला.