ट्रेसिंग पेपरवरचा पंखा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच देवदेवस्की, अंगारे-धुपारे घराबाहेर गेले आणि आमच्याकडे भुताचं नाव काढलं तर आजही हसतात. या पेजवरचे अनुभव मी टाइमपास म्हणून वाचायचो... खाली खवचट कमेंटही टाकायचो. आज माझी पाळी आहे, तुम्ही टाका.

ओतूरला एसटी स्टँडच्या मागे माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाच्या ऑर्डरी आणि हौस म्हणून जुने रोलचे कॅमेरे दुरुस्त करणं. गेल्या उन्हाळ्यात अवसरी खुर्दचा संतोष असाच एक घेऊन आला. दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा. त्याच्या वडिलांचा, नानांचा. नानांनी त्यावर पंचक्रोशीतली निम्मी लग्नं काढलेली. आता झटका येऊन अंथरुणाला खिळले होते. संतोषची इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी मेस आहे, तिथं त्याला कॅमेरा शोभेला ठेवायचा होता. पण चालू करून. शोभेला ठेवायचा तर चालू कशाला, असं विचारलं तर म्हणाला, नानांचा हाय म्हणून.

फोकस जाम होता. या कॅमेऱ्यात दोन्ही भिंगांच्या कड्या दात्यांनी एकमेकींत अडकलेल्या असतात. एक फिरवली की दुसरी फिरते. आतलं ग्रीस वाळून पार डिंक झालेलं. कड्या सोडवल्या, पेट्रोलनं धुतल्या, नवं ग्रीस लावून खुणेवर खूण ठेवून बसवल्या. आता लांबचा फोकस लावायचा. त्याची आमची पद्धत सोपी आहे — मागचं झाकण उघडायचं, रोलच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, शटर केबलनं उघडं अडकवून ठेवायचं आणि कॅमेरा लांबच्या डोंगरावर रोखायचा. कागदावर डोंगर उलटा उमटतो. तो स्पष्ट दिसेपर्यंत कडी फिरवायची, मग स्क्रू आवळायचे.

भर दुपार होती. मागच्या खिडकीतून डोंगर लख्ख दिसत होता. डोक्यावर काळं कापड घेतलं, कागदाला भिंग लावलं... आणि डोंगर नाही. कागदावर पंखा. बंद पंखा, त्याच्यावर गंजका पत्रा, पत्र्याखाली लाकडी वासा. माझ्या दुकानाला स्लॅब आहे आणि पंखा भिंतीवर. मला आधी रागच आला — वाटलं, कुठलं तरी रिफ्लेक्शन. कडी थोडी फिरवू म्हटलं, तर बोट हलेना.

बोट नाही, हात नाही, मान नाही. ओरडावं तर जीभ उचलेना. मी स्टुलावर बसलेलोच नव्हतो, उताणा पडलेलो होतो. ओठावर माशी बसली, चालत चालत नाकपुडीपर्यंत गेली आणि मला ती हाकलता येईना. कुठून तरी कुकरची शिट्टी, स्टीलच्या ताटांचा आवाज. मग अगदी उशाशी एका बाईचा आवाज आला.

“नाना गेलं की ही भिंत पाडू. आजून दोन टेबलं बसत्याल.”

त्यावर पुरुषाचा, दमलेला. “पाडू. त्यांला कुठं काय कळतंय.”

मला कळत होतं. सगळं कळत होतं आणि ते सांगायची एकही वाट नव्हती. आयुष्यात मी एवढा कधी घाबरलेलो नाही. जिवंतपणी कुणी पुरलं तरी माणूस निदान हातपाय झाडेल.

किती वेळ गेला माहीत नाही. केबलची अडकण निसटली, शटर खट्कन मिटलं आणि मी स्टुलावरून खाली पडलो. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला, चहा पाजला, उन्हानं झालं म्हणाला. मीही हो म्हटलं. संध्याकाळी कसाबसा परत कागदाला डोळा लावला, तर साधा डोंगर. उलटा.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा मी स्वतःच अवसरीला घेऊन गेलो. फोन केला असता तर संतोष आला असता, पण मला चैन पडेना. नानांना भेटायचं म्हटलं. मेसच्या मागे पत्र्याची खोली. मी दारातच थबकलो... तोच वासा, तोच पंखा. कॉटवर नाना, नाकात नळी, नजर वर. ओठावर माशी. आधी मी ती हाकलली.

मग विचारलं, ही भिंत पाडायची म्हणत होतात का. संतोषचा चेहरा उतरला. त्यानं बायकोकडे बघितलं.

“तुमाला कुणी सांगितलं? आमी दोघंच बोललो व्हतो. हितंच.”

“नाना ऐकतात,” मी म्हणालो.

दवाखान्यातून घरी पाठवताना फार आशा ठेवू नका म्हणाले होते आणि यांनी त्याचा अर्थ घेतला, माणूस संपला. नळीनं पेज देणं, अंग पुसणं, कूस बदलणं — दोघं जिवापाड करत होते. फक्त विचारलं कुणीच नव्हतं. मी वाकलो. “नाना, माझं ऐकू येत असेल तर डोळे मिटा.”

नानांनी डोळे मिटले. पापणी लवली असं नाही... घट्ट मिटले, बराच वेळ तसेच धरून ठेवले. उघडले तेव्हा पाणी कानापर्यंत ओघळलं.

संतोष खालीच बसला. “आमी सगळं हितंच बोलत व्हतो, भाऊ,” एवढंच म्हणत राहिला.

आता त्या घरात डोळे मिटणं म्हणजे हो. भिंत तशीच आहे. परत डॉक्टरकडे नेलं, तर माणूस आतून पूर्ण जागा असतो, या दुखण्याला नावही आहे म्हणे. ते पटलं. पण मी त्या खोलीत आधी कधी गेलेलो नव्हतो, मला ती दिसली कशी? मागच्या महिन्यात धीर करून नानांनाच विचारलं, त्या दुपारी तुम्ही मला बोलावलं होतंत का. नाना माझ्याकडे बघत राहिले. डोळे उघडेच. परत विचारलं. उघडेच.

कुणाकडे खुलासा असेल तर सांगा, माझ्याकडे नाही. दुपारी दुकानात डुलकी लागते. जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी बोटं हलवून बघतो.