बाजूच्या घरातले रोज नवे पाहुणे

सन २०२२. माझं वय तेव्हा सत्तावन्न, रिटायरमेंटला वर्ष बाकी. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. पण अंधेरी पूर्वेतली ही साधी चोरी कालची वाटते. कारण तिच्यात मीसुद्धा चुकलो होतो.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार झालो, तो कोणाच्या चिठ्ठीवर नाही. शेवटची काही वर्षं माझ्याकडे भाडेकरूंचं काम होतं. घर भाड्यानं दिलं की मालकानं भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र आणि गावचा पत्ता पोलीस ठाण्यात द्यायचा, हा आयुक्तांचा आदेश. हल्ली ते कॉम्प्युटरवर भरतात. मी माझी वही सोडली नव्हती. नवे साहेब हसायचे, हसू देत. माझ्या बीटमध्ये कुठल्या घरात कोण राहतं हे वही न उघडता सांगतो, अशी माझी फुशारकी होती.

गणपतीच्या पंधरा दिवस आधी, दुपारी, एक म्हातारी ठाण्यात आली. मालवणकडची, नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर इकडे बिऱ्हाड केलेलं. देव्हाऱ्यातले चांदीचे पाच टाक आणि दोन सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या. बांगड्यांचं ती एकदाच बोलली. टाकांचं बोलताना मात्र तिचा आवाज फुटायचा. गावच्या घरातून सासूनं पदराखाली आणलेले देव.

मी पंचनाम्याला गेलो. चार मजले, बारा घरं, तिसऱ्या मजल्यावर हिचं. कुलूप शाबूत, कडीला ओरखडा नाही, कपाट नीट लावलेलं. पोलिसात आमचा एक ठोकताळा असतो, कुलूप शाबूत तर चोर घरातला. चावी कोणाकोणाकडे, विचारलं. एक तिच्याकडे, एक सुनेकडे. मुलगा बोटीवर नोकरीला, त्याची चावी कपाटात. आणखी कोणाकडे? कोणाकडे नाही म्हणाली.

म्हातारी रोज अकरा ते एक भजनाला जायची. सून जवळच दातांच्या दवाखान्यात कामाला. त्या दिवशी ती बाराच्या सुमारास अर्धा तास घरी येऊन गेली होती आणि तळमजल्यावरच्या बाईनं पाहिलं होतं. झालं. संध्याकाळी जिन्यात, सगळे उभे असताना, म्हातारी बोलली, "माझे देव माझ्या घरातल्यानंच नेले." सून त्याच रात्री भांडुपला माहेरी गेली. बोटीवरून नवऱ्याचा निरोप आला, देव सापडेपर्यंत तिकडेच राहा. सहा वर्षांचा संसार, एका कुलपापायी मोडायला आला.

दुसऱ्या दिवशी मी तिला जबाबाला बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली आणि दोन तास तेच प्रश्न उलटेसुलटे विचारले. घरी का आलीस, कपाट उघडलंस का, येताना कोण भेटलं. डोकं दुखत होतं, गोळी घेऊन पडले, एवढंच ती सांगायची. माझा अनुभव असा की चोरी केलेला माणूस खुलासे फार देतो. ही देत नव्हती. तरी मी हटलो नाही. एकदा मनात बसलं की माझं असंच.

शेवटी तीच म्हणाली, "साहेब, विचारा तुम्ही, मी बसलेय. पण काल आमच्या बाजूच्या घरात कोण होतं, ते सांगा ना."

मी म्हटलं, ते घर बंद असतं, मालक डोंबिवलीला राहायला गेला.

"बंद? रोज नवी माणसं जिना चढतात. तुमच्या वहीत नाय लिहिलं?"

महिला शिपाई खाली बघून हसली. मला ते लागलं. जबाब तिथंच थांबवून मी टोपी उचलली.

बिल्डिंगखाली इस्त्रीवाला बसतो. माझं मत विचाराल तर घराची खरी खबर इस्त्रीवाल्याला असते. तो म्हणाला, त्या घराच्या पांढऱ्या चादरी आठवड्यात चार-चार वेळा येतात, आणि एकट्या त्याच घराच्या नाही, बारापैकी चार घरांच्या. मग मालकाला डोंबिवलीहून बोलावलं. पस्तिशीचा गडी. आधी म्हणाला, कधीमधी नातेवाईक उतरतात. मी चादरींचा हिशोब सांगितला तेव्हा खाली बसला.

"साहेब, ते भाडेकरू नाहीत. पाहुणे आहेत. मोबाईलवर बुक करतात, एक रात्र, दोन रात्री. एअरपोर्ट जवळ आहे ना. म्हणून फॉर्म नाही भरला."

"कालच्या पाहुण्याचं नाव काय?"

तो मोबाईल चाळायला लागला.

"नाव शोधायला लागतं तो पाहुणा कसला रे?"

त्याला घेऊन मी ते घर उघडलं. भिंती नव्या रंगवलेल्या, पलंगावर टॉवेलची घडी. स्वयंपाकघराच्या दारामागे मात्र एक जुनी लाकडी पट्टी होती, तिला खिळे, खिळ्यांना चाव्या, आणि प्रत्येक खिळ्याखाली रंगानं लिहिलेलं. मीटर. गच्ची. वहिनी.

वहिनी कोण, विचारलं. तो म्हणाला, बाजूच्या काकू, बाबा त्यांना वहिनी म्हणायचे. बाबांच्या हातची पट्टी, रंगकाम झाल्यावर मुद्दाम परत लावली, जुनी चांगली दिसते, लोक फोटो काढतात. बोलता बोलता त्याचाच चेहरा उतरला. मी ती चावी घेतली, बाजूच्या दाराला लावली. दार उघडलं. आत म्हातारी वाती वळत बसली होती.

मी चिडलो. आणखी कोणाकडे चावी आहे का असं मी तुम्हाला दोनदा विचारलं, म्हटलं. तर ती म्हणाली, ही तर भाऊजींकडची, शेजारची. शेजारी तिच्या हिशोबात 'आणखी कोणी' नव्हताच. भाऊजींकडे, म्हणजे मालकाच्या वडिलांकडे, चावी असायची, तशी ती अजून आहे. भाऊजी वारले, पोरगा डोंबिवलीला गेला, घरात रोज परकी माणसं झोपायला लागली, पण चावी काही परत मागायची वस्तू नव्हे. आमच्या चाळीतही हेच चालतं, म्हणून मला तिच्यावर फार रागावता आलं नाही.

पुढचं काम सरळ होतं. मालकाकडे पाहुण्याच्या ओळखपत्राचा फोटो होता. असली घरं चालवणाऱ्यांकडे तो फिरवला. पाचव्या दिवशी मुलुंडच्या एका मालकिणीचा फोन आला, हाच माणूस आज येतोय. आम्ही आधीच जाऊन बसलो. पाचही टाक त्याच्या पिशवीत मोज्यात गुंडाळलेले मिळाले. बांगड्या त्यानं मोडून टाकल्या होत्या. गडी गोंधळला नाही, उलट मलाच समजावायला लागला. "मी कुलूप तोडलेलं नाही, साहेब. दारामागे नावानिशी चावी लटकत होती. दोन्ही दिवस म्हातारी भजनाला जाताना जिन्यात मोठ्यानं सांगून गेली." त्याच्या मते अर्धा गुन्हा चावी ठेवणाऱ्याचा.

आयुक्तांचा आदेश मोडल्याबद्दल त्या चारही घरमालकांवर कारवाई झाली. पुढे सोसायटीनं ठराव केला की पाहुणा येण्याआधी त्याचं नाव आणि ओळखपत्र ठाण्यात पोचलं पाहिजे आणि खाली नोंद झाली पाहिजे. धंद्याची वाट लागेल म्हणून मालकांनी आरडाओरडा केला. लागली नाही, घरं अजून चालतात. घर दिवसावर द्यावं की नाही हे शिकलेली माणसं ठरवतील. मी एवढं शिकलो की शेजार हा सुद्धा एक बंदोबस्त असतो, फुकटचा. तो उठून गेला की त्याची जागा कशानं तरी भरावी लागते, आणि ती भरली की नाही हे बघणं माझं काम होतं. मी वही सांभाळत बसलो. ती पोरगी बोलली नसती तर मी तिलाच चोर ठरवून मोकळा झालो असतो.

टाक मिळाले त्या संध्याकाळी मी सुनेला फोन केला. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "सासूबाई जिन्यात बोलल्या होत्या, साहेब. जिन्यातच बोलू देत. मग येते."

हे मी म्हातारीला जाऊन सांगितलं.  ती म्हणाली, घरात पाया पडते हवं तर, पण लोकांसमोर नको. मी म्हटलं, आळ घेताना लोक चालले ना? मी स्वतः हट्टी आहे, हट्टी माणसाला कुठे धरायचं ते मला कळतं. उद्या आठ वाजता येतो, एवढं सांगून उठलो आणि सुनेलाही तीच वेळ कळवली.

दुसऱ्या दिवशी रविवार, माझी सुट्टी. तरी युनिफॉर्म चढवला. आठला बाराही घरांच्या बेल स्वतः दाबल्या आणि सगळ्यांना जिन्यात काढलं. चेअरमन बनियनवर आले. दोन घरांतले पाहुणे तोंडात ब्रश धरून बाहेर उभे राहिले, त्यांनाही मी आत जाऊ दिलं नाही. सून खाली पहिल्या पायरीशी थांबली होती, वर बघत नव्हती.

म्हातारी कठड्याला धरून उभी राहिली. "माझ्या सुनेन काय घेतल्यान नाय," ती म्हणाली. "मी चुकलंय. सगळ्यांनी आयकलात?" मग खाली बघून, जरा हळू, "ये गो वर. चाय थंड होता."

सून पायरी चढेना, डोळे पुसत होती. मी खाली उतरलो, तिच्या पायाशी ठेवलेली बॅग उचलली आणि तीन मजले चढवून तिच्या दारात नेऊन ठेवली. आख्ख्या नोकरीत मुद्देमालाशिवाय कोणाचं सामान मी उचललं नव्हतं.